‘माहीत नाही’च्या रकान्यात

“अरे, आपला देश कुठला असावा हेसुद्धा माहीत नाही म्हणतात! चहात साखर किती ते विचार, लगेच सांगतील.”

ताई ऑफिसच्या पँट्रीत पाठमोरी उभी राहून नवऱ्याशी फोनवर बोलत होती. मी रिकामा मग घेऊन दारातच थांबले. ती हसली आणि म्हणाली, “नाही रे, हो म्हणणारे समजतात, नाही म्हणणारेही समजतात. हे मधले! यांना कशाचंच पडलेलं नसतं.”

मी चहा न घेताच जागेवर परत आले.

ताई आमची टीम लीडर. मूळची सोलापूरची, एडिनबरात बरीच वर्षं झालेली. कामाच्या जागी माझ्याशी इंग्रजीत बोलते, पँट्रीत मराठीत. मी इथे मास्टर्स करते आणि आठवड्यातून तीन दुपारी या ऑफिसातून लोकांना फोन करून सर्व्हेचे प्रश्न विचारते. मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही, पण समोर छापील प्रश्न असला की जमतं. म्हणून तर ही नोकरी घेतली.

या वेळचा मुख्य प्रश्न उत्तर आयर्लंडमधल्या लोकांसाठी होता. उद्या मतदान झालं तर उत्तर आयर्लंडने ब्रिटनमध्येच राहावं, की दक्षिणेकडच्या आयर्लंडशी एक व्हावं? स्क्रीनवर चार गोल होते: राहावं, एक व्हावं, मत देणार नाही, माहीत नाही. त्यांच्याखाली एक मोकळी चौकट. गोलात न बसणारं उत्तर बोलणाऱ्याच्याच शब्दांत तिथे टाइप करायचं. आपलं मत सांगायचं नाही, आणि उत्तर स्पष्ट नसेल तर प्रश्न पुन्हा विचारायचा, असा नियम.

हे पुन्हा विचारणं मला जमत नव्हतं. पंचवीस-तिशीतल्या मुलांना मी बिनदिक्कत विचारायचे. पण आजीच्या वयाचं कुणी बोलत असलं की त्यांना मध्येच तोडून “म्हणजे हो की नाही?” म्हणायला जीभ रेटायची नाही. आमच्या घरी मोठ्या माणसांना असं उलटून विचारलेलं खपत नसे. मग मी “हं, हं” करत ऐकायचे आणि त्यांचं बोलणं संपलं की शेवटचा गोल दाबायचे. ताई ज्यांना हसत होती त्यांतले काही जण मी घडवलेले होते.

त्यांतल्या एक बाई मला अजून ऐकू येतात.

आवाज थकलेला होता, पण बोलायची हौस जाणवत होती. मागे टीव्ही चालू होता. मी प्रश्न वाचला. त्या म्हणाल्या, “तुमच्याकडे वेळ आहे ना, पोरी?” मी हो म्हटलं.

त्यांचं घर सरहद्दीला लागून होतं. फाटकासमोरचं शेत दुसऱ्या देशात. त्या कॅथलिक, नवरा प्रोटेस्टंट. लग्नाला दोन्हीकडचं कुणीही आलं नव्हतं. “केक दोघांनीच आठवडाभर खाल्ला,” त्या म्हणाल्या आणि स्वतःच हसल्या. नवरा ब्रिटिश सैन्यात होता. आता त्याला फारसं काही आठवत नाही.

“एक व्हावं, असं मला लहानपणापासून वाटतं,” त्या म्हणाल्या. “पण हा आहे तोवर नको. याला स्वतःचं नाव आठवतं, रेजिमेंट आठवते आणि आपला देश ब्रिटन, हे आठवतं. माझं नाव कधी आठवतं, कधी नाही. त्या तिन्हींतलं एक मी काढून घेऊ का?”

मी नेहमीसारखं “हं” म्हटलं.

“तुम्ही इंडियाच्या ना? तुमचाही देश असाच तोडला होता. परत जोडावा, असं वाटतं का तिकडे?”

मी माझं मत सांगू शकत नाही, हे कळवायचं वाक्य समोर छापलेलं होतं. ते न वाचता मी म्हणाले, “मला माहीत नाही.”

मला माहीत होतं. पुण्याला आमच्या सोसायटीत दर पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर जिलबी खाता खाता काका लोक म्हणायचे, “एक दिवस सगळं परत एक होणार, बघा तुम्ही.” बाबा मान डोलवायचे. एका वर्षी दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट एका मुसलमान डॉक्टर बाईंना भाड्याने हवा होता. कमिटीने नको म्हटलं. नकाराचं पत्र सभ्य इंग्रजीत हवं होतं, म्हणून सेक्रेटरीकाका आमच्याकडे आले. “अगं, तुझं इंग्लिश फस्क्लास. चार ओळी टाइप करून दे.” मी अकरावीत होते. मी टाइप केलं की फ्लॅट आधीच दुसऱ्या कुटुंबाला दिला आहे. फ्लॅट पुढे कितीतरी महिने रिकामा होता. जिना चढताना मी त्या दाराकडे बघायचं टाळायचे.

सगळ्यांना लाहोर हवं होतं. दुसऱ्या मजल्यावर लाहोरचं कुणी नको होतं, आणि या डॉक्टर बाई तर मिरजेच्या होत्या.

यातलं काहीही मी फोनवर बोलले नाही. पलीकडून त्या बाई म्हणाल्या, “असू दे. मग माझं काय लिहाल?”

“तुम्ही सांगितलंत तेच लिहिते.”

“नीट लिहा हं. हो, पण हा आहे तोवर नाही. दोन्ही लिहा. आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. घरात तर हा विषयच काढता येत नाही.”

फोन ठेवला. कॉलची ठरलेली वेळ उलटून स्क्रीनवरचा आकडा लाल झाला होता. ताई रांगेतून सगळ्यांचे स्क्रीन बघत येत होती. चौकटीत टाइप करायला फार तर दोन मिनिटं लागली असती. पण मग इतका वेळ का लागला, प्रश्न पुन्हा का विचारला नाहीस, हे तिने विचारलं असतं. मी ‘माहीत नाही’ दाबलं. ताई मागून म्हणाली, “गुड. नेक्स्ट.” मी पुढचा नंबर लावला.

आणि आज पँट्रीतलं हे बोलणं. सगळी उत्तरं उद्या सकाळी सर्व्हे करवून घेणाऱ्यांकडे जाणार होती. त्यानंतर त्या बाई कायमच्या कशाचंच न पडलेल्यांत मोजल्या जाणार होत्या. खरं सांगितलं तर माझे रेकॉर्ड झालेले सगळे कॉल्स पुन्हा ऐकले जाणार होते आणि काम बहुधा जाणार होतं. तासभर मी हेडसेट घालून नुसती बसले. दोन वेळा उठले, एकदा उगाच वॉशरूमला जाऊन आले.

चार वाजता ताईच्या टेबलापाशी गेले. ती मान वर न करता इंग्रजीत म्हणाली, काही प्रॉब्लेम? मी मनात एक इंग्रजी वाक्य तयार ठेवलं होतं: एका नोंदीत किरकोळ गफलत झाली असावी. सभ्य, सोसायटीच्या पत्रासारखं. ते ओठांवर आलं आणि मला ते दुसऱ्या मजल्यावरचं बंद दार दिसलं.

“काय गं?” आता तिने मान वर केली. “रडतेस का?”

आजूबाजूला सगळे फोनवर बोलत होते. तिथे मी कधीच मराठीत बोलले नव्हते, आणि इतक्या मोठ्यानेही नाही.

“ताई, त्या बाईंना माहीत होतं,” मी म्हणाले. “त्यांनी मला सगळं सांगितलं, मी लिहिते म्हणाले आणि लिहिलं नाही. अशा नोंदी आणखीही आहेत. रेकॉर्डिंग काढा, मी तुमच्यासमोर बसून सगळी ऐकते.”