पद : कॉम्प्युटर

गणित घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा आमच्या तापीकाठच्या गावात मी पहिलाच पदवीधर होतो. त्यानंतर सव्वा वर्ष घरी बसलो. धुळ्याच्या रोजगार कार्यालयात नाव नोंदवलं होतं. दर महिन्याला एसटीनं जायचो, खिडकीतला कारकून नुसती मान हलवायचा. वडील मला केळीच्या बागेत कामाला घेत नसत. म्हणायचे, एवढं शिकून फावडं धरलंस तर लोक मला हसतील.

शेवटी नंदुरबारच्या सांख्यिकी कचेरीतून नेमणुकीचा कागद आला. पद : कॉम्प्युटर. एकोणीसशे साठनंतरची ती पहिली वर्षं. आमच्याकडे हा शब्द अजून यंत्राचा नव्हता, माणसाचा होता. गावोगावचे पिकांचे, जन्ममृत्यूंचे आकडे तक्त्यात उतरवून त्यांच्या बेरजा आणि सरासऱ्या काढायच्या, एवढंच काम. "यातून पुढे काय होशील?" वडिलांनी विचारलं.

कचेरीत माझ्या आधीचे एक कॉम्प्युटर होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. बारा-तेरा वर्षं त्याच खुर्चीत. वरची जागा नव्हतीच. काम त्यांनीच शिकवलं. बेरीज वरून खाली करायची, मग खालून वर. दोन्ही जुळल्याशिवाय पेन्सिलीच्या आकड्यांवर शाई लावायची नाही. खोली मिळेपर्यंत माझा दुपारचा डबाही त्यांच्याच घरून यायचा.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या तक्त्यांत चुका निघू लागल्या. कडेचा रकाना अख्खा राहून जायचा. एकदा अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या गावांचे मृत्यू उतरवलेच गेले नाहीत. मी दाखवलं, तर ते कागद तिरपा धरून बराच वेळ पाहत राहिले.

"मन्हा डोयासले आते बराबर दिसत नही," ते हळूच म्हणाले. "सायेबले सांगू नको, भाऊ. दोन पोरीसनं लगीन बाकी शे."

"नही सांगस, आप्पा."

तेव्हापासून कचेरी सुटल्यावर मी त्यांचे तक्ते तपासू लागलो. तपासणाऱ्याची सही मीच करायचो. सहा-सात महिने निभावलं. मग बहिणीच्या लग्नासाठी रजेवर गेलो. जाताना त्यांची अडचण नको म्हणून कोऱ्या तक्त्यांवर सह्या करून ठेवल्या.

परतलो तेव्हा त्यातला एक तक्ता चुकांमुळे वरच्या कचेरीतून परत आला होता. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर मला नोकरीत कायम करण्याचा कागदही होता.

"सही तुमची आहे," साहेब मला म्हणाले. "तपासलं होतं?"

आप्पा माझ्या शेजारी उभे होते. त्यांच्याकडे न बघता मी म्हणालो, "साहेब, आप्पांना दिसत नाही."

"खरं आहे?" साहेबांनी त्यांना विचारलं.

"हो साहेब. बऱ्याच दिवसांपासून." मला हे माहीत होतं, एवढंच त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मीच त्यांना चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नव्हती. वर्षभर आधी आले असते तर उरलेली तरी टिकली असती, म्हणाले. त्या वर्षातले सहा-सात महिने मी त्यांच्या चुका झाकत होतो. परतीच्या गाडीत आप्पांनी एवढंच विचारलं, "तुन्हं कायम व्हयी ना?"

झालं. मी कायम झालो, ते घरी बसले. नंतर बायको-मुलींसह शहाद्याजवळच्या आपल्या गावी गेले.

पुढे काही वर्षांनी साहेबांनी सांगितलं, मुंबईत यंत्र आलंय, बेरजा आता तिकडेच होतील. मग माझं काम आलेले कागद मोजून गठ्ठे बांधण्याचं झालं. गणिताचा संबंध तिथेच संपला.

सणाला घरी जाताना एसटी शहाद्याला थांबायची. आप्पांचं गाव तिथून पायी अर्ध्या तासावर. मी कधी उतरलो नाही.