देवळाचा रंग

नव्वदच्या दशकात लोकसभा लागली, की नारायणगावच्या स्टँडसमोरची भिंत एक पेंटर रंगवायचा. जीपची वाट बघत मी त्याचं काम पाहायचो. सगळ्या पक्षांची चिन्हं तो चपला घालूनच काढी. भगव्याचा डबा उघडला, की मात्र चपला बाजूला. "देवळाचा रंग हाय, भाऊ."

निवडणुकीगणिक भिंतीवर भगवा वाढत गेला. एकदा त्याला लिहायला दिलेल्या कागदावर मुसलमानांनी देश सोडावा, अशी घोषणा होती. तो अनवाणीच कागद वाचत उभा राहिला. मग त्यानं चपला घातल्या.

"रंग देवळाचा हाय, पर मजकूर न्हाई, राव," म्हणाला आणि नेहमीच्याच वळणदार अक्षरात त्यानं तो लिहिला.

मी पिशवी उचलून निघालो. जीप आली होती.