अबू नाहिदचं धुणं

खान युनिसच्या भाजीबाजाराच्या चौकात अबू नाहिद उभा राहिला की गाढवंसुद्धा शिस्तीत वळायची, असं अबू नाहिद स्वतः सांगायचा. यातलं अर्धं वजा करून घ्यावं. आपल्या गल्लीत कुणाचंही ऐकताना अर्धं वजा करायची पद्धतच आहे, स्वतःबद्दल सांगत असेल तर थोडं जास्तच. पण उरलेलं खरं होतं. त्याचं पाळण्यातलं नाव वस्फी शुर्राब, पण मुलाच्या नावावरून सगळे त्याला अबू नाहिद, म्हणजे नाहिदचा बाप, म्हणत; हुद्दा वाहतूक हवालदार, मिशी ब्रिगेडियरची. हात असा फिरवायचा की टॅक्सीवाले शिव्या घालायच्या विसरून जायचे.

मग तो उन्हाळा आला. फतहचे पिवळे आणि हमासचे हिरवे बंदुका काढून भांडले, हिरव्यांनी गाझा घेतलं, पिवळे रामल्लाहमध्ये जाऊन बसले, आणि एका घराची दोन सरकारं झाली. रामल्लाहहून आपल्या सरकारी नोकरांना निरोप आला, की हिरव्यांच्या हाताखाली काम करायचं नाही. घरी बसा, पगार चालू राहील. कामावर जाल तर पगार बंद.

आता हा पगार यायचा बराचसा युरोपातून. म्हणजे कुठल्यातरी बर्फाच्या गावातला सुतार पहाटे उठून रंधा मारी, कर भरी, तो कशासाठी, तर खान युनिसमधल्या अबू नाहिदनं खुर्चीवरून उठू नये म्हणून. अबू नाहिदच्या आईला हे समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्या सुताराला देव सुबुद्धी देवो. पण आधी माझी औषधं येऊ देत, मग देवो."

बसायला अबू नाहिदची हरकत नव्हती. पंचाईत अशी, की त्याचा सज्जा नेमका चौकाच्या डोक्यावर होता. आणि खाली त्याच्या जागेवर उभा होता उबादा.

उबादा हिरव्यांचा नवा हवालदार. त्याचा पगार आखातातला एक अमीर पाठवतो, असं लोक म्हणत. येई तेव्हा येई. माणूस सालस, पाच वेळचा नमाजी, तिशी उलटलेला, पण आधी कोंबड्या विकायचा. त्यामुळे गाड्यासुद्धा तो कोंबड्यांसारख्याच हाकायचा. दोन्ही हात पसरून, थोडं वाकून, "हुश्श, हुश्श!" गाड्याही मग कोंबड्यांसारख्याच वागायच्या.

वर अबू नाहिदचा जीव तीळतीळ तुटायचा. कलिंगडाच्या भाजलेल्या बिया फोडत तो पुटपुटायचा, "अरे डावीकडचा सोड, डावीकडचा! आई गं, गाढवगाडीला आधी?"

"हळू," त्याची बायको उम्म नाहिद आतून म्हणायची. "सलामाच्या दुकानाला दार नाही, नुसता कान आहे."

सलामा म्हणजे चौकातला न्हावी. तो दिवसभर दाढ्या करी आणि संध्याकाळी रामल्लाहला फोन करी, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. मागच्या गल्लीतल्या एका मास्तरानं शेजारच्या पोराला गणितं शिकवली म्हणून त्याचा पगार थांबला, असं बोललं जायचं. खरं-खोटं अल्ला जाणे, पण घाबरायला तेवढं पुरतं. घर, नाहिदचं कॉलेज, आईची औषधं, सगळं त्या एका पगारावर. तेव्हा अबू नाहिदनं आपली शिट्टी सुक्या पुदिन्याच्या डब्यात पुरली आणि बसण्याची नोकरी इमानानं करू लागला.

एका सकाळी उम्म नाहिदनं लाल गोधडी झटकून कठड्यावर टाकली. खाली उबादानं वर पाहिलं, दचकला आणि हात वर केला. सगळ्या गाड्या थांबल्या. अबू नाहिदच्या तोंडातली बी तोंडातच राहिली. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, दोरीवरची पांढरी चादर हळूच पुढे ओढली. उबादानं बाजाराकडच्या गाड्या सोडल्या.

त्या दिवसापासून गावातली सगळ्यात गुप्त गोष्ट दोरीवर उघडी वाळू लागली. लाल गोधडी म्हणजे थांब. पांढरी चादर म्हणजे बाजाराची बाजू. आईचा काळा झगा म्हणजे समुद्राकडची. उशीचे अभ्रे म्हणजे गाढवं. उबादा वर बघून हात करी, चौक तेल घातल्यासारखा चाले, आणि दोघांनी रस्त्यात एकमेकांना ओळख दाखवली नाही. गावात मात्र चर्चा झाली.

"बायकोनं पार धोबी केला बिचाऱ्याचा," बायका म्हणाल्या.

"मिशी धुतो का रे हल्ली, अबू नाहिद?" सलामानं खालून विचारलं.

"धुतो की. तू भादरायच्या आधी धुतलेली बरी," अबू नाहिद वरून म्हणाला. पण कान लाल झाले होते.

उम्म नाहिदची तक्रार वेगळीच होती. "अहो, त्या चादरींची धुवून धुवून जाळी झाली. मधून एखादा दिवस तरी त्यांना वाळू द्या!"

असं बरंच चाललं असतं. पण कोरड्या माणसांच्या भांडणात ओल्या डोळ्यांची माणसं येतात ना, तशी एका थंड देशातून मारितबाई आल्या. पिवळ्या-हिरव्यांचं जुळवायला आल्या होत्या. त्याआधी चार-पाच देशांनी जुळवून पाहिलं होतं. प्रत्येक देशात सही झाली, फोटो निघाला, जेवण झालं आणि परतीच्या विमानात भांडण. मारितबाई खाली उभ्या राहून फलाफल खात होत्या. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, पुन्हा वर पाहिलं, आणि फलाफल हातातून पडलं.

तासाभरात त्या दुभाष्यासकट अबू नाहिदच्या दिवाणखान्यात.

"दोन सरकारं एकत्र काम करत आहेत, असं संपूर्ण देशातलं हे एकमेव ठिकाण आहे!" दुभाष्यानं सांगितलं.

"काम?" अबू नाहिद ताडकन उठला, आणि उठल्याचं लक्षात येताच परत बसला. "कसलं काम? बाई, तोबा तोबा! धुणं आहे हे. मी जन्मात काम केलेलं नाही."

"किती विनम्र!" मारितबाई म्हणाल्या.

आठवडाभरात मारितबाईंनी काढलेला दोरीचा फोटो जगभर गेला. नावही दिलं होतं, 'सलोख्याची दोरी.' थंड देशानं पाच कोऱ्या पांढऱ्या चादरी पाठवल्या, कोपऱ्यात आपलं चिन्ह. हे कळताच अमीराची माणसं आली. म्हणाली, सलोखा एकट्या गोऱ्यांचा कसा? त्यांनी मखमली लाल गोधड्या दिल्या, मध्यभागी सोनेरी घोडा. थंड देशवाले म्हणाले, आमचं चिन्ह कोपऱ्यात आणि यांचा घोडा मध्यभागी? नव्या चादरी आल्या, चिन्ह मध्यभागी. मग घोडा मोठा झाला. उम्म नाहिद दिवाणखान्यात दोन्ही पाहुण्यांना चहा देऊन दमली. "एवढी भांडणं तर माझ्या नणंदांनी सोन्यावरून केली नाहीत," ती म्हणाली.

दोरीच्या उद्घाटनाचा समारंभ गुरुवारी ठरला. बुधवारी रामल्लाहहून भाचा फवाज़चा फोन.

"मामा, इथे विचारणा चालू आहे. तुम्ही काम करता म्हणे?"

"कुणी सांगितलं?"

"फोटोत दिसतंय. उद्या सलामाला नीट बघून कळवायला सांगितलंय. काम केलंत तर पगार गेला, मामा. अगदी हलू नका."

"आणि समारंभ?"

"कपडे वाळत घाला. ते कुणीही घालतं. पण शिट्टी-बिट्टी, हातवारे-बितवारे, अजिबात नाही."

गुरुवारी अबू नाहिदनं लाल गोधडी टाकली. घोडा उन्हात चमकला. आणि जे दोन-तीन वर्षांत कधी झालं नव्हतं ते झालं. पिवळ्या घरचा एक टॅक्सीवाला काच खाली करून म्हणाला, "ही अमीराची गोधडी. अमीर कुणाचा? हिरव्यांचा. मी नाही थांबत." आणि थांबला नाही. मग पांढरी चादर आली. हिरव्या घरचा कोबीचा ट्रकवाला म्हणाला, "चादर कुणाची? पिवळ्यांना पोसणाऱ्यांची. मी नाही हलत." आणि हलला नाही. जुन्या जाळीदार चादरींना कोणताच पक्ष नव्हता. नव्या मखमलीला मात्र जन्मतःच होता.

दोन्ही परदेशी पाहुण्यांच्या गाड्या मधोमध अडकल्या. उबादा हात पसरून हुश्श-हुश्श करत गोल फिरत राहिला. कोबी घरंगळली. गाढवं तेवढी शहाण्यासारखी उभी होती, कारण अभ्र्यांना अजून कुणी देणगी दिली नव्हती.

आणि या सगळ्याच्या पोटात, दवाखान्यातून परतणाऱ्या एका टॅक्सीत, अबू नाहिदची आई.

"वस्फीऽऽ!" खिडकीतून म्हातारीचा आवाज. "अरे मिशीवाल्या! आईला उन्हात वाळत घातलंस? शिट्टी मार की मेल्या!"

समोर सलामा दुकानाच्या पायरीवरच गिऱ्हाईक बसवून, एका हातात वस्तरा, दुसऱ्यात फोन, नजर सज्ज्यावर. अबू नाहिदच्या एका कानात आई, दुसऱ्यात फवाज़. तो आत गेला, पुदिन्याचा डबा उघडला, शिट्टी काढली, बाहेर आला. सलामानं फोन कानाला लावला. अबू नाहिदचा हात तोंडापर्यंत गेला आणि तिथेच अडला.

उम्म नाहिदनं शिट्टी त्याच्या हातातून काढून घेतली.

"अगं, काय करतेस? पगार..."

"कुणाचा? मला कुणी देतं का पगार? ना पिवळे, ना हिरवे, ना तो घोडेवाला. बसा खाली."

पहिल्या फुंकरीत नुसता पुदिना उडाला. दुसरीत असा आवाज निघाला की सलामाच्या गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. उम्म नाहिदनं चादरी आणि घोडे दोन्ही ओढून आत फेकले, बादलीतला नवऱ्याचा ओला पायजमा उचलला आणि कठड्यावरून फडकवला.

"ए कोबी! मागे घे! तुझ्या आईच्या बाळंतपणाला मी होते, मला पक्ष शिकवू नकोस! टॅक्सी, तू थांब. थांब म्हणते ना! उबादा, हुश्श बंद कर आणि सासूबाईंची गाडी आधी काढ!"

पायजमा कुणाचा, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तो कुठल्या पक्षाचा, हे सांगता येईना. गाड्या हलल्या. मारितबाई गाडीतून फोटो काढू लागल्या, तर उबादानं नम्रपणे सासूबाईंच्या पाठोपाठ त्यांचीच गाडी पुढे घालवली.

संध्याकाळी सलामानं फोनवर शपथेवर सांगितलं की अबू नाहिद शुर्राब यांनी आज खुर्चीवर बसण्यापलीकडे काहीही केलेलं नाही, मी डोळ्यांनी पाहिलं. तिकडून शाबासकी आली. पगार वेळेवर जमा झाला. हिरव्यांनीही चौकशी केली, पण पायजमा वाळत घालणाऱ्या बाईवर कुठलं कलम लावायचं ते त्यांना सापडेना.

आता रोज सकाळी उम्म नाहिद शिट्टी घेऊन सज्ज्यात उभी असते. आत मोरीत अबू नाहिद घोड्यांच्या गोधड्या बडवत असतो, कारण मखमल मळते फार. मधूनच त्याला राहवत नाही.

"अगं, मनगट सैल ठेव! आणि डावीकडचा सोड आधी, डावीकडचा!"

"तुम्ही गप बसा हो," ती वळूनही न बघता म्हणते. "बसायचाच पगार आहे ना तुम्हाला?"