ब्रह्मगिरीवर तुटलेला काटा

महादेवाशी माझं भांडण होतं, हे आधीच सांगून टाकतो. हिमालयातली बर्फाची खिंड ओलांडून त्याच्या दर्शनाला आम्ही दोघे भाऊ जाणार होतो. निघायच्या आधीच त्यानं दादाला नेलं. वहिनीनं दादाची कोरी कानटोपी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "भाऊजी, ही तरी खिंडीपलीकडे न्या." तेव्हापासून मी पेटलेलोच होतो.

आमच्या यात्रेच्या म्होरक्यानं बजावलं, बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे काटे विकत घ्या. मी आणखी भडकलो. सातपुरात तीस वर्षं वर्कशॉप चालवणारा माणूस लोखंडाचे दात विकत घेणार? एका दुपारी रागारागात मीच ते घडवले, लालभडक तापवून पाण्यात बुडवले. बर्फाच्या लाद्या आणून वर्कशॉपच्या दारात त्यांवर नाचूनही दाखवलं. अख्खी गल्ली हसली!

रविवारी सरावासाठी पाठीवर सामान आणि पायात काटे चढवून थाटात ब्रह्मगिरी चढलो. उतरताना कट्‌कन आवाज झाला. काटा तुटला, घोटा मुरगळला आणि मी पायरीवर आपटलो. निघायला महिना उरला होता. "टोपीसुद्धा नेऊ देणार नाहीस का?" मी डोंगरावर ओरडलो, आणि मग तोंडाला येईल ते बोललो.

मागून मोळी घेऊन अनवाणी बाई उतरत होती. हरसूलकडची असावी.

"देवाला शिव्या देऊ राहिले का, दादा? द्या. पण पायात हे काय? बैलाला नाल ठोकल्यावानी!"

"बर्फात चालायला," मी खेकसलो.

"मग इथं बर्फ कुठंय?"

तिनं मोळी उतरवली, डोक्यावरच्या चुंबळीचं फडकं सोडून माझा घोटा करकचून बांधला आणि तुटका तुकडा माझ्या हातात दिला. "इथं तुटला ते लय बरं झालं. तिकडं कोण उचलायला येणार व्हतं?"

मी तुकडा पाहिला. आतून साखरेसारखा दाणेदार. कडक केलेलं पोलाद पुन्हा हलकं तापवून नरमवावं लागतं, नाहीतर ते काचेसारखं मोडतं. कामगारांना हे मी ओरडून ओरडून शिकवतो. रागाच्या भरात मीच विसरलो होतो. मान वर केली, तोवर ती उघड्या डोक्यावर मोळी घेऊन वळणाआड गेली होती. आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

घोटा बरा झाला. काटे मुकाट्यानं विकत आणले. उद्या निघतोय. राग पुरता गेलेला नाही, देवालाही ते ठाऊक आहे. पण दादाच्या टोपीत ते फडकं घडी करून ठेवलंय. महादेवा, दोन्ही घेऊन येतो, तू नेशील तिथवर.