मागच्या खोलीतला बोर्ड

मेन स्विच मी स्वतः खाली ओढला होता. पुढच्या खोलीतला पंखा थांबलेला या डोळ्यांनी पाहिला होता. तरीही मागच्या खोलीतल्या बोर्डात स्क्रूड्रायव्हर घातला आणि मी थेट कॉटवर जाऊन आदळले. हात कोपरापर्यंत बधिर. ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना.

लासुर्ण्याच्या मळ्यातलं आमचं घर दगडी. वायफाय दुसऱ्या भिंतीपलीकडे जात नाही. आई गेल्यावर तात्यांना, म्हणजे वडिलांना, एकटं ठेवायला माझं मन तयार नव्हतं. ऑफिसने मात्र बजावलं होतं, सोमवारपर्यंत घरी नेट धड चाललं नाही तर पुण्याला परत या. म्हणून मी नेट पुढे नेणारे दोन छोटे डबे मागवले. एक राउटरजवळच्या प्लगात लावायचा, दुसरा मागच्या, म्हणजे माझ्या खोलीत. घरातल्या लाइटच्या वायरीतूनच नेट जातं. दुसऱ्या डब्याचा दिवा लागला, पण तो पहिल्याशी काही केल्या जुळेना. वायर ढिली असेल म्हणून बोर्ड खोलला. टेस्टर लावला नाही. इंजिनियर ना मी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तात्या धावत आले. माझा हात चोळत म्हणाले, "मेन बंद करून काय उपेग, पोरी? त्यो बोर्ड घराचा न्हाय. मोटारीच्या लायनीवर हाय."

मी हादरलेच. राहत्या खोलीतला बोर्ड विहिरीवरच्या मोटारीच्या लाइनवर? तोंडाला येईल ते बोलले. मेले असते मी, असंही बोलले. तात्या माझा हात चोळतच राहिले.

"तुझी बारावी व्हती," ते म्हणाले. "सांजच्याला घरची लाइट जायची, तवा शेतीची असायची. परीक्षेपुरती जोडली. काढायची राहिली."

बारावीत अभ्यासाच्या वेळी माझ्या खोलीतली लाइट कधी गेली नाही, हे मी हॉस्टेलवर माझं नशीब म्हणून सांगत फिरले होते.

दुपारी वायरमनने ती वायर काढून बोर्ड घरच्या लाइनवर घेतला. डबे लगेच जुळले. नेट आलं. मला मात्र एक गोष्ट उमगेना.

"मोटार लागली की माझा दिवा मंद व्हायला हवा होता, तात्या. कधीच झाला नाही."

"लावतंय कोण मोटार? तुझं पुस्तक मिटस्तवर बंदच ठिवायचो. तवर शेतीची लाइट गेलेली असायची."

त्या वर्षी आमचा ऊस शिवारात सगळ्यांत बुटका होता. "तात्या, तुम्ही आळशी झालात," असं मी त्यांना चारचौघांत म्हणाले होते.