चारही चाकांना जोर

कोणावर लिहावं एवढी माझी पात्रता नाही. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. शाळा हिंदीतून झाली, मराठी कानांवर पडून आली, वाचायला तर उशिराच शिकलो. त्यातून वडीलधाऱ्या माणसाबद्दल रागाने लिहू नये, हेही मला कळतं. पण राग जात नाही, म्हणून लिहितो. तुमच्या ओळखीतही असा एखादा माणूस असेल. त्याला डोळ्यांपुढे ठेवून वाचा.

"जोर कुठल्या चाकांना आहे, ते आधी सांगा!"

कोणी मोटारीचा विषय काढला की काका गुडघ्यावर थाप मारून हे विचारायचे. ते देवासच्या कारखान्यात इंजिनिअर, साताऱ्याकडून आलेले. माझे वडील त्याच कारखान्यात पॅकिंगला. आमची घरं समोरासमोर होती.

काकू मात्र इथल्याच. माहेर हाटपिपल्याच्या पुढे, एका कच्च्या रस्त्याच्या टोकाला. तिथे त्यांची आई एकटी राहायची. डोल ग्यारसला, म्हणजे भाद्रपदातल्या एकादशीला, हाटपिपल्यात नृसिंहाची पाषाणमूर्ती नदीत तरंगवतात. त्या दिवशी आईला मोटारीत बसवून दर्शनाला न्यावं, एवढंच काकूंना हवं होतं. म्हातारीला चालवत नव्हतं. पण ते दिवस पावसाचे, आणि आमच्या माळव्याची काळी माती एकदा भिजली की धरलेलं चाक सोडत नाही.

मी सहावीत होतो तेव्हा काकांनी मोटार घ्यायचं ठरवलं. पैशांची अडचण नव्हती. अडचण काकांची होती.

"मोटार पळते झकास," ते म्हणायचे, "पण जोर मागच्या दोनच चाकांना. चिखलात नुसती ढुंगण हलवत बसेल."

"मग जीप घ्या, तिची चारही चाकं ओढतात," माझे वडील म्हणायचे.

"जीप? तो पत्र्याचा डबा! आणि दहा महिने कोरड्या रस्त्यावर पुढच्या चाकांचा जोर काय चाटायचाय? उगाच वजन, उगाच पेट्रोल. पण ते दोन महिने... विचार करायला हवा."

त्यांना मोटारीसारखी बसकी, वेगाची आणि जीपसारखी चिखल तुडवणारी गाडी हवी होती. एकदा ऑफिसात आलेलं परदेशी मासिक नाचवत ते घरी आले. "बघ, चार दारांची, शर्यतीत धावणारी, आणि चारही चाकांना जोर!"

काकूंनी चित्र नीट पाहिलं. "देवासात मिळते?"

"मिळेल कधीतरी. थांब जरा."

काकू थांबल्या. पुढे बाजारात एक नवी छोटी गाडी आली, तिचा जोर पुढच्या चाकांना. काका म्हणाले, "हे म्हणजे गाढवाला कान धरून ओढणं." पलीकडचे शर्माजी वैतागून म्हणाले, "भिया, लेनी हो तो लो, नी तो भाभीजी को आस मत बँधाओ."

दर भाद्रपदात काकू बसने जायच्या. बस डांबरी रस्त्यावर सोडायची. पुढे चपला हातात घेऊन चिखलातून चालत. आणि दर्शन न घेता परत.

मी बी.एस्सी.ला असताना एका डॉक्टरांची मोटार विकायला निघाली. इंजिन तगडं, आवाज असा की गल्लीतली पोरं मागे धावली. डॉक्टर म्हणाले, दिवसभर चालवून बघा. त्या दिवशी डोल ग्यारस होती. काकू नवी साडी नेसल्या. मलाही बरोबर घेतलं.

डांबरी रस्त्यावर काकांनी गाडी अशी पळवली की काकू लहान मुलीसारख्या हसत होत्या. मग कच्चा रस्ता आला. काका उतरले. बुटाची टाच मातीत रुतवून पाहिली, वाकून मागच्या चाकाकडे पाहिलं आणि परत येऊन बसले.

"नाही जमणार. जोर कमी पडेल."

"पाऊस चार दिवस नाही, अहो," काकू म्हणाल्या. "आई दारात बसली असेल."

"रुतली तर?"

मला राहवलं नाही. "काका, समोरून बैलगाडी येतेय की!"

"बैलगाडीत जोर चाकांना नसतो, बैलांना असतो. सायन्स शिकतोस ना?"

काकू दार उघडून उतरल्या, चपला हातात घेतल्या, साडी वर खोचली आणि चालू लागल्या. नवी साडी पहिल्या वळणाच्या आत बरबटली.

काका त्यांच्याकडे बघत राहिले. मग खरोखर कळवळून मला म्हणाले, "हिला एकदाही चिखलात पाय घालावा लागू नये, म्हणून तर एवढा विचार करतोय रे."

त्यांचे डोळे भरले होते, हे मी लपवणार नाही. पण मला तेव्हा त्यांच्या हातातली किल्ली हिसकावून घ्यावीशी वाटली. आजही वाटते. माणूस दुष्ट असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं. ज्याचं प्रेम सगळ्या बाजूंनी विचारच करत बसतं, त्याच्याशी भांडायचं कसं? संध्याकाळी त्यांनी ती मोटार डॉक्टरांना परत केली.

पुढे मला धार जिल्ह्यात, कुक्षीला मास्तरकी मिळाली. देवास सुटलं. गेल्या दसऱ्याच्या सुमारास मनावर या जवळच्या गावी, बाजारात, कामाला आलेले शर्माजी दिसले. लांबूनच ओरडले, "भिया, तुम्हारे काका ने जीप ले ली! फोर-व्हील!"

मी आनंदाने विचारलं, "मग डोल ग्यारसला गेले असतील ना सगळे?"

शर्माजींचा चेहरा उतरला. काकूंची आई आषाढात गेली होती. जीप श्रावणात आली. काकांनी ती दारापुढे उभी केली, हॉर्न वाजवला आणि हाक मारली, "चल, आता म्हणशील त्या चिखलातून नेतो."

काकू दारात आल्या. जीपकडे पाहिलं आणि विचारलं, "कोणाकडे?"