लाल पुंगळ्यांचा ढीग

रविवारी संध्याकाळी मी पोतं घेऊन घरात शिरले की आई आमच्या बोलीत म्हणते, "ऊना तुमना बाजार." आला तुमचा बाजार. पोत्यात भाजी नसते. बारा बोरच्या बंदुकीची उडालेली काडतुसं असतात, म्हणजे दारू आणि छर्रे निघून गेल्यावर मागे उरलेली प्लास्टिकची नळकांडी. खाली पितळेचं बूड, वर उघडलेलं तोंड. वर्तमानपत्रात गोळीबाराच्या बातमीत यांना पुंगळ्या म्हणतात. आमच्या घरात गोळीबार कधी झालेला नाही, पण शब्द तोच वापरतो.

सुरतेहून कडोदऱ्याच्या पुढे, बारडोलीकडे जाताना, उसाच्या कडेला एक नेमबाजी क्लब आहे. मी तिथल्या ऑफिसात नोकरी करते. मोठ्या गाड्यांतून मेंबर लोक येतात, यंत्र मातीच्या थाळ्या हवेत फेकतं, मेंबर त्या फोडतात किंवा हुकवतात आणि मग चहा पितात. कॉलेजात एनसीसीत मी बरी रायफल चालवायचे. हे तिथल्या प्रशिक्षकांना कुठून तरी कळलं आणि मेंबर गेल्यावर क्लबाच्या बंदुकीने थाळ्या फोडायची परवानगी त्यांनी मला दिली. आम्ही त्यांना काका म्हणतो. अस्सल सुरती माणूस. शिवी दिल्याशिवाय कौतुक करत नाहीत, त्यामुळे कौतुक कमी आणि शिव्या जास्त असा जमाखर्च राहतो.

नवी काडतुसं मेंबरांसाठी. माझ्या वाट्याला पुन्हा भरलेली. पुन्हा भरायचा परवाना काकांच्या नावावर आहे आणि भरायचं यंत्र कुलपाच्या खोलीत आहे. भरलेलं एकही काडतूस फाटकाबाहेर जात नाही. रिकाम्या पुंगळ्या निवडायचं काम मात्र घरी करता येतं, आणि ते किचकट असल्यामुळे काकांनी ते आनंदाने माझ्या गळ्यात मारलं.

निवडायचं म्हणजे काय, तर बाद करायचं. पुंगळीचं तोंड निऱ्या घालून मिटवलेलं असतं, बार उडाला की त्या निऱ्या उलगडतात. पुन्हा भरताना त्याच घड्यांवर ते पुन्हा मिटवतात. घडी चिरली असेल तर बाद. कुणाच्या बुटाखाली येऊन चेपली असेल तर बाद. पितळ फुगलेलं, गंजलेलं, बाद. बुडाजवळ जळल्याचं भोक, बाद. मी पहिले काही महिने हे काम टीव्हीसमोर बसून केलं आणि मला त्याचा मनापासून कंटाळा आला.

त्याच वर्षी आप्पा, म्हणजे माझे वडील, घरी बसले. जन्मभर त्यांनी भेस्तानच्या एका लूम कारखान्यात कांड्यांवर काम केलं. धोट्यात बसते ती सुताची कांडी. ती भरायची, वापरून झालेली परत आली की तपासायची, चांगली पुन्हा भरायला पाठवायची, वाईट फेकायची. शेठने जुने लूम भंगारात काढले, पाण्याच्या धारेवर चालणारी नवी मशीनं आणली. नव्या मशीनला धोटा नाही, म्हणून कांडी नाही, म्हणून आप्पा नाहीत. भांडण वगैरे काही झालं नाही. शेठने निरोपाला पेढेसुद्धा दिले.

घरी बसलेल्या आप्पांचं काय करायचं हे आम्हाला कळेना. ते गॅलरीत उभे राहायचे आणि खालून जाणारे कापडाचे टेंपो बघायचे. एकदा त्यांनी आईचे डाळीचे डबे उंचीप्रमाणे लावले. एकदा सगळ्या खिडक्यांच्या कड्या काढून तेल घालून परत बसवल्या. आई म्हणाली, रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. ते हसले नाहीत. मग बोलणंही कमी झालं. जेवायला हाक मारली तर यायचे, जेवायचे, ताट उचलून मोरीत ठेवायचे. मला भीती वाटायला लागली होती. माणूस असाच हळूहळू घरातल्या घरात नाहीसा होतो की काय, अशी.

आणि एका रविवारी त्यांनी पोत्यात हात घातला.

"हाई काय शे?"

मी सांगितलं. कुठली बाद, कुठली चांगली, तेही दाखवलं. त्यांनी एक पुंगळी उचलली, तोंडावरून अंगठा फिरवला, बूड नखाने वाजवलं, बाजूला ठेवली. दुसरी घेतली. माझ्या हातातली माझ्याकडून काढून घेतली. म्हणाले, "तू ऊठ." मी उठले. त्यानंतर ते पोतं माझं राहिलं नाही.

घराला जरा जाग आली. आप्पा जुनी चादर अंथरून मांडी घालून बसायचे आणि निवडता निवडता बोलायचे. कारखान्यातल्या गोष्टी, गावच्या गोष्टी, नळाला पाणी कधी येणार याची चौकशी. एखादी चेपलेली पुंगळी सापडली की ती कुणी चेपली असेल यावर मेंबर लोकांना नावं ठेवायचे. त्यांनी एकही मेंबर पाहिलेला नव्हता. क्लबही पाहिला नव्हता. काडतूस उडताना काय होतं तेही पाहिलं नव्हतं. पण काका म्हणाले, अशी साफ निवड मी आजवर पाहिली नाही. त्यात शिवी नव्हती, म्हणून मी ते वाक्य घरी जसंच्या तसं सांगितलं. आप्पांनी त्या दिवशी भाकरी जास्त खाल्ली.

त्यांची पद्धत एकच होती. आधी रंग. लाल लालमध्ये, हिरव्या हिरव्यात, काळ्या काळ्यात. मी एकदा चुकून हिरवी पुंगळी लाल ढिगात टाकली तर ते वसकन अंगावर आले. "लॉटमा लॉट मिसळना का कापडवर पट्टा पडस!" सुताच्या धंद्यात हे खरंच आहे. कांडीचा रंग म्हणजे सुताची जात. दोन लॉटचं सूत एका ताग्यात गेलं की कोऱ्या कापडात काही दिसत नाही, रंगवून आलं की आडवा पट्टा उठतो आणि अख्खा तागा परत येतो. आप्पांच्या हातून असा पट्टा कधी पडला नव्हता, आणि ही त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट होती. म्हणून लाल ते लाल. यात चुकीचं काही असेल हे मलाही सुचलं नाही, काकांनाही नाही. काका त्या नीट रचलेल्या ढिगांवर इतके खूश होते की आपला चष्मा लावायला विसरले.

चूक उघडी पडली तो दिवस थंडीचा होता, ऊन चांगलं पडलेलं. मी थाळी मागितली, बार काढला, थाळी तशीच अखंड उसात जाऊन पडली. हुकली, इतकंच मला वाटलं. बंदूक बिजागरीवर उघडून पुंगळी काढली, दुसरं काडतूस घातलं, बंदूक बंद करून खांद्याला लावली. मागून काका ओरडले.

"ऊभी रे! बंदूक खोल!"

त्यांचा आवाज असा होता की मी विचार केला नाही. बंदूक उघडली, काडतुसं काढली. काका म्हणाले, बाराचा आवाज बसका आला, नळीत बघ. दोन नळ्या असतात, एकावर एक. वरच्या नळीतून आभाळ दिसलं. खालच्या नळीतून आभाळ दिसलं नाही.

काकांनी काठी घालून आतला अडथळा बाहेर ढकलला. कागदाचा घट्ट गुंडाळलेला डट्टा होता, बोटाच्या पेराएवढा. पुढचा बार त्याच्यावर जाऊन आदळला असता आणि नळी फाटली असती. फाटते तिथेच बंदूक धरणाऱ्याचा डावा हात असतो. हे काका मला सांगत होते आणि मी शांतपणे मान हलवत होते. मी अगदी ठीक आहे असं मला वाटत होतं. त्यांनी स्टूल सरकवून खांदा दाबला तेव्हा कळलं की बंदूक मी अजून डाव्या हाताने नेमकी तिथेच धरली होती.

मग काकांनी खोलीत नेऊन आप्पांच्या लाल ढिगातल्या दोन पुंगळ्या ब्लेडने उभ्या चिरल्या. बाहेरून जुळ्या बहिणी. आतून एक सलग, बुडासकट एका तुकड्यात ओतलेली. दुसरीच्या बुडात कागदाचा वेगळा डट्टा बसवलेला. एकदोनदा भरून उडवली की तो डट्टा सैल होतो, आणि एखाद्या वेळी छर्र्यांच्या मागे निघून नळीत अडकतो. दोन वेगळ्या कंपन्या, रंग एकच. पुंगळीत डोकावून बघितलं तर लहान मुलालाही दिसेल. आम्हा तिघांपैकी कुणी डोकावलं नव्हतं.

काकांनी ब्लेड पुसून ठेवलं. मग म्हणाले, "दीकरी, आ नी चाले." हे चालायचं नाही, यापुढे निवड ते स्वतः करणार. मला त्यांचा राग आला नाही, बरोबरच होतं ते. पण माझ्या डोळ्यांपुढे गॅलरीतले आप्पा आले. मी म्हटलं, पोतं आत्ताच बंद करू नका, आधी मला घरी बोलू द्या. काकांनी शिवी दिली आणि हो म्हटलं.

घरी मी चिरलेल्या दोन्ही पुंगळ्या चादरीवर ठेवल्या आणि झालं ते सगळं सांगितलं. सांगताना काही गाळलं नाही. आप्पांनी आधी ऐकूनच घेतलं नाही. "कांडीना मझार काय ऱ्हास?" म्हणाले. कांडीच्या आत काय असतं? खरंच होतं. कांडी आरपार पोकळ. तिच्या आत बघायची वेळ त्यांच्यावर उभ्या जन्मात आली नव्हती. मग त्यांनी ढिगातली एक लाल पुंगळी घेतली, करंगळी आत घातली, फिरवली. आतला डट्टा करंगळीबरोबर फिरला.

"हात जाता का तुना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं, गेला असता. खोटं बोलता आलं असतं, आईने मला तशी खूणही केली होती. पण मला ते जमलं नाही. आप्पा उठले. चादरीची चारी टोकं धरून सगळे ढीग, लाल, हिरवे, काळे, एकत्र करून पोत्यात ओतले आणि पोतं गॅलरीच्या कोपऱ्यात नेऊन टाकलं. जन्मभर ज्यांनी लॉटमध्ये लॉट मिसळू दिला नाही त्यांनी तो सगळा माल एका झटक्यात मिसळला, हे बघून मला रडू आलं. ते पोत्याशेजारी उभे राहून टेंपो बघू लागले.

पुढचे काही आठवडे वाईट गेले. आई डाळीचे डबे मुद्दाम उलटसुलट लावून ठेवायची. ते तसेच राहायचे.

एका संध्याकाळी मी कामावरून आले तर आई कुरकुरत होती. ती घरी साड्यांवर टिकल्या लावायचं काम करते, त्यासाठी तिच्याकडे एक वाकवता येणारा छोटा दिवा आहे. तो जागेवर नव्हता. गॅलरीत आप्पा बसले होते, दिवा मांडीत, एक डोळा मिटून पुंगळीत बघत. समोर ढीग होते, पण रंगाचे नव्हते. लाल, हिरवी, काळी एकमेकांत मिसळलेली, आणि त्याला त्यांची काही हरकत दिसत नव्हती. सलग बुडाच्या एकीकडे. डट्टेवाल्या दुसरीकडे, आणि त्या प्रत्येकीचं तोंड त्यांनी कात्रीने कापून टाकलं होतं, म्हणजे चुकूनही कुणी भरायला नको. आई म्हणाली, "मना दिवा!" तेवढंच.

काकांनी तो माल चष्मा लावून, एकेक करून पाहिला. एकही परत केली नाही. मग मला म्हणाले, बापाला घेऊन ये.

आप्पा क्लबात पहिल्यांदा आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. काकांनी त्यांना माझ्या मागे, अंतरावर खुर्ची दिली आणि कानात घालायला बोळे दिले. माझी एक स्पर्धा जवळ आली होती, म्हणून त्या दिवशी सवयीसाठी आधी नव्या डब्यातली काडतुसं होती, नंतर आप्पांच्या निवडीतली. मी दोन्ही उडवली. थाळ्या बऱ्यापैकी फुटल्या. आप्पा पहिल्या बाराला दचकले, नंतर नाही. शेवटी त्यांनी जमिनीवरच्या पुंगळ्या स्वतः वेचल्या आणि काकांबरोबर चहा घेतला. दोघांची भाषा वेगळी असून चांगलं जमलं, कारण दोघेही मेंबरांना नावं ठेवत होते.

परत येताना ते स्कूटरवर माझ्या मागे बसले होते. कडोदऱ्याच्या सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, "नवा डबाना काडतूस व्हतात तवय तू नळीमा दखं नई."

मी पुढे बघत राहिले.

"मना लागनात, आनि मंग परतेक बारले दखं."

ते खरं होतं. मला स्वतःला माहीत नव्हतं, पण त्यांनी म्हटल्यावर माझा हात आठवला. बार झाला की बंदूक उघडायची आणि दोन्ही नळ्या डोळ्यांपुढे धरायच्या. कंपनीच्या काडतुसांना नाही, फक्त बापाच्या. मला इतकी लाज वाटली की सिग्नल सुटल्याचं कळलं नाही. मागचा टेंपोवाला भोंगा वाजवत होता.

"दखत जाय," आप्पा म्हणाले. "मी बी मन्या सोतान्या कांड्या दोन दाव दखू."

आपल्याच कांड्या दोनदा बघायचो, हे सांगताना त्यांचा आवाज नेहमीसारखा होता. पण माझ्या खांद्यावर धरायला ठेवलेला हात त्यांनी काढून घेतला आणि घर येईपर्यंत मागची दांडी धरली.

पोतं अजून दर रविवारी घरी येतं. आईने दुसरा दिवा आणला. बार झाल्यावर नळीत बघितलं की माझी लय मोडते, पुढची थाळी हुकण्याची शक्यता वाढते, हे काका मला सारखं सांगतात. स्पर्धेत नव्या डब्यातलीच काडतुसं असतात आणि तिथे आप्पा नसतात, तिथे मी बघत नाही. पण सरावाला आप्पा येतात. ते मागे खुर्चीवर बसलेले असले की मी कंपनीच्या काडतुसानंतरही बंदूक उघडून दोन्ही नळ्या डोळ्यांपुढे धरते, त्यांना दिसेल इतका वेळ, आभाळ बघते, आणि मगच पुढचं काडतूस घालते.